हळद लागलेलं यंत्र

माझं आडनाव विद्वांस आहे, यात माझा काही दोष नाही. तरीही माणसं पहिल्या भेटीत माझ्याकडे अपेक्षेनं बघतात आणि थोड्या वेळानं बघायची थांबतात. साताऱ्याच्या मोजणी कचेरीत मी नकाशांच्या नकला करायचो. मूळ नकाशात शेताचा बांध जिथून जातो तिथूनच तो नकलेतही न्यायचा, एवढीच विद्वत्ता त्या कामाला लागते. स्वतःची बुद्धी चालवली तर दोन सख्ख्या भावांची डोकी फुटतात. त्यामुळे बुद्धी न चालवण्याची मला चांगली सवय झाली होती, आणि पुढे जे घडलं त्याचं मूळ त्या सवयीतच आहे असं माझा मेव्हणा हरी याचं मत आहे. हरी सांगलीला असतो आणि त्याला मतं फार.

सन शेहेचाळीसचा पौष होता. लढाई संपली होती, पण रेशन संपलं नव्हतं. शनिवार पेठेत नानासोंच्या घरात मी खालच्या दोन खोल्यांत राहत होतो. नानासो पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला होते, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्यापाशी बसऱ्यातला एखादा तोडगा असायचा. वर ते आणि त्यांची बायको भामाबाई. खाली मी. पूर्वी खाली आम्ही दोघं होतो.

चारुलता, म्हणजे माझी बायको, विषमज्वरानं गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तिचा फोटो म्हणून घरात नव्हता. कॅमेरा दिसला की चुलीवर काहीतरी उतू जातंय असं म्हणून ती आत पळायची. घरात कॅमेरा आला की दूध उतू जातं, असा लग्नानंतर बरेच दिवस माझा समज होता. तिला एकदाच हरीनं गाठलं, माहुलीला, कृष्णाकाठच्या देवळासमोर. हरीजवळ डबा कॅमेरा होता. सबंध देऊळ आलं पाहिजे म्हणून तो मागे मागे गेला, आणखी मागे गेला, घाटाच्या पार टोकाला गेला. कळस तरीही आला नाही. देवळाच्या पायरीवर तिळाएवढी चारुलता मात्र आली. पत्त्याच्या पानाएवढा तो फोटो आणि त्याची काचेसारखी पारदर्शक फिल्म, एवढंच माझ्यापाशी होतं.

त्या वर्षीच्या श्राद्धाला गुरुजी म्हणाले, "वहिनींची तसबीर मांडा." मी ते पत्त्याचं पान तांब्याला टेकून उभं केलं. गुरुजींनी त्यावर झेंडूचं एक फूल वाहिलं. त्या एका फुलाखाली चारुलता गेली, देऊळ गेलं आणि कृष्णाबाईसुद्धा गेली.

दुसऱ्या दिवशी मी फिल्म घेऊन गावातल्या फोटोग्राफरकडे गेलो. त्यांनी ती उजेडासमोर धरली, डोळा बारीक केला, आणि मी तिच्यावर बोट ठेवून दाखवल्यावर म्हणाले, "हा ठिपका आहे, विद्वांस. आमच्या धंद्यात ठिपके काढून टाकतात. मोठे करत नाहीत."

माणसानं अपमान झाल्यावर ताबडतोब सणसणीत उत्तर द्यावं असं मला नेहमी वाटतं. मला ते घरी पोचल्यावर सुचतं, आणि घरी ऐकायला कोणी नसतं.

हरीला कळवलं, तर त्याचा निरोप आला की सांगलीतल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं धंदा आवरलाय आणि त्याचा फोटो मोठे करायचा एन्लार्जर एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या वखारीत पडून आहे, तेव्हा यावं. मी संक्रांतीच्या सुट्टीला गेलो. वखारीत पोत्यांच्या थप्पीमागे ते यंत्र होतं. लाकडी पेटी, पितळेच्या कड्या, पुढे बाजाच्या पेटीला असतो तसा चामड्याचा भाता, भात्याच्या टोकाला भिंग. माल जर्मन. आणि सगळं पिवळंधमक. किती वर्षं त्याच्यावर हळद उडत होती कोण जाणे. ओवाळायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

"झटकलं की झालं," हरी म्हणाला आणि त्यानं झटकलं. सांगली सोडताना मीही पिवळा होतो.

येताना कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार मिळाली. ती चढावर चालत नव्हती आणि उतारावर थांबत नव्हती. उंब्रजच्या अलीकडे ती दम घ्यायला थांबली तेव्हा शेजारी बसलेल्या आकाराम नावाच्या शेतकऱ्यानं माझ्या मांडीवरच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

"ह्ये काय म्हनायचं, पाव्हनं?"

"मोठं करायचं यंत्र आहे."

"काय मोटं करतंय?"

"फोटो. लहान असेल तर मोठा होतो."

आकारामनं बराच वेळ विचार केला. "आमच्या गावात ह्येचा उपेग न्हाई," तो म्हणाला. "तितं समदीच आदीच मोटी हायती."

साताऱ्याच्या नाक्यावर जकात कारकुनानं यंत्राभोवती दोनदा प्रदक्षिणा घातली. त्याच्या दरपत्रकात यंत्रं होती, वाद्यं होती, भांडी होती. भाता बघून तो वाद्यावर आला होता. एवढ्यात त्यानं पेटी कलती केली आणि कोपऱ्यातून हळदीची बारीक धार लागली. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"हळद!" तो म्हणाला. "आत लपवून आणता?"

मी सरकारी नोकर आहे, माझं आडनाव विद्वांस आहे, असं मी सांगितलं. त्यानं यंत्राकडे, मग माझ्या पिवळ्या कोटाकडे पाहिलं आणि पावती फाडली. एका जुन्या जर्मन यंत्राला हळद म्हणून जकात बसली. ती मी भरली आणि जगातला पहिला हळदीचा एन्लार्जर बगलेत मारून शहरात शिरलो.

भाता उंदरांनी कुरतडला होता. नानासोंच्या सल्ल्यानं तो बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्यानं चामड्याची ठिगळं सुरेख लावली, दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाला, "हवा बरोबर धरतो. पण स्वर कुठं गेले याचे?" आता भाता ओढला की यंत्र एक दीर्घ सुस्कारा टाकायचं. रात्रंदिवस गप्प असलेल्या त्या घरात मला त्याचं वाईट वाटत नसे.

पुढचा प्रश्न उजेडाचा. माझ्या खोल्यांत वीज नव्हती. पेट्रोमॅक्स नानासो देणार होते, पण रॉकेल रेशनवर, आणि एकट्या माणसाचं रॉकेल म्हणजे चूल पेटवायला पुरेल इतकंच. मी जादा रॉकेलसाठी अर्ज केला. रेशनच्या साहेबांनी तो वाचला.

"फोटो मोठा करायचा आहे?"

"होय."

"लहान आहे तो चालत नाही?"

"नाही चालत."

"सध्या सगळ्यांना लहानावरच भागवावं लागतंय, विद्वांस." त्यांनी अर्जावर एकच शब्द लिहिला: चैन.

चैन! मी दोन वर्षं स्वतःच्या हातची भाकरी खात होतो. तिचा आकार बघून आमच्या कचेरीतल्या मोजणीदारांनीसुद्धा हात टेकले होते. आणि माझ्या अर्जावर चैन! घरी येताना वाटेत मला याचं फार चांगलं उत्तर सुचलं.

शेवटी हरीनं कुठूनसं विचारून कळवलं की जुन्या काळी ही यंत्रं दिवसाउजेडी चालत. खोलीत मिट्ट काळोख करायचा, खिडकीच्या दाराला भोक पाडायचं, बाहेर आरसा तिरका बांधायचा, आरशातून आकाशाचा उजेड भोकात आणि भोकातून यंत्रात. म्हणजे भोकासाठी घरमालकाची परवानगी घेणं आलं.

"भोक?" नानासो म्हणाले. "माज्या सागवानी दाराला?"

मी कारण सांगितलं.  चारुलताचं नाव निघताच ते आत जाऊन करवत घेऊन आले. "सरका बाजूला. बसऱ्याला आमी तंबूला असं झरोकं पाडत हुतो." मला पेरूएवढं भोक हवं होतं. नानासोंनी कलिंगडाएवढं पाडलं. उरलेल्या जागेत मी जुने नकाशे चिकटवले.

बाहेर खिळ्याला माझा दाढीचा आरसा बांधला, आणि रविवारी दुपारी दार लावून, फटीत चिंध्या कोंबून, मी यंत्रात फिल्म सरकवली आणि भाता मागेपुढे केला. समोर स्टुलावर पाट उभा केला होता. त्याच्यावर धुकं हललं, पुन्हा हललं, आणि एकदम देवळाची पायरी आली. मग ती आली.

फिल्ममध्ये सगळं उलटं असतं हे मला ठाऊक होतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. पण ठाऊक असणं वेगळं. पाटावर चारुलता उभी होती आणि तिचे केस पांढरेशुभ्र होते. चेहरा उन्हात रापल्यासारखा. जाताना ती चौतीस वर्षांची होती. आणि इथं माझ्यासमोर ती म्हातारी झाली होती, आमचा संसार पुरा झाल्यासारखी. मी पाटासमोर उकिडवा बसून राहिलो. मग बाहेर ढग आला आणि ती विझली.

फोटोचा कागद मोठ्या मुश्किलीनं मिळाला होता. गावातल्या त्याच फोटोग्राफरकडून जुनाट पाकीट, आत मोजकेच कागद, वर टोमणा फुकट. औषधांच्या पुड्या त्याच्याकडच्याच. एनॅमलच्या ताटल्यांत औषधं कालवली, कंदिलाला पतंगाचा लाल कागद गुंडाळला. पहिला कागद पाटाला टाचला, उजेड दिला, औषधात बुडवला. हलवला. वाट पाहिली. कागद पांढरा तो पांढराच.

दुसरा जास्त वेळ ठेवला. पांढरा. तिसऱ्याला इतका वेळ उजेड दिला की तेवढ्यात माझी डाळ करपली. डाळ काळी झाली, कागद पांढरा. एका रविवारी मी असे कोरे कागद तारेवर वाळत घातले, तेव्हा नानासो ते बघायला आले. त्यांनी प्रत्येकासमोर उभं राहून मान हलवली.

"विद्वांस, यंत्र जर्मन हाय न्हवं?"

"हो."

"मग झालं तर. आपन त्येंला हरिवलं. आता ते आपल्यासाटनं कशापायी राबंल?"

भामाबाईंचं निदान निराळं होतं. "यंत्राला हळद लागली व्हती, दादा. हळद लागल्याव अक्षता पडूस्तवर बाहीर काडत न्हाईत. तुमी तर त्येला मोटारीत घालून उंब्रजावरनं आनलं."

मी सुशिक्षित माणूस. मी हसलो. आणि संध्याकाळी, कोणी बघत नाहीसं पाहून, यंत्राच्या डोक्यावर चार तांदूळ टाकले. पुढच्या रविवारी कागद पांढराच निघाला.

शेवटी काही करायचं म्हणून मी पाकिटावरच्या सूचना वाचल्या. त्या आधी वाचायला हव्या होत्या असं हरी म्हणतो. पण औषधाच्या बाटलीवरच्या सूचना तरी कोण आधी वाचतं? तिथं ठळक छापलं होतं की हा कागद फक्त लाल किंवा पिवळ्या उजेडात उघडावा, त्या उजेडाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. मी पाटाकडे पाहिलं. चारुलतावर पडणारा उजेड मधासारखा पिवळा होता. इतके दिवस मी त्याला दुपारचं ऊन समजत होतो.

यंत्र उघडलं. पोटात दोन जाड भिंगं होती, प्रत्येक वाटीएवढं. दोन्हींवर हळदीचा लेप बसला होता, पावसाळ्यांच्या ओलीनं मुरून घट्ट झालेला. पाण्यानं निघेना. मग मी धुण्याचा सोडा घेतला आणि फडक्यानं जोरात चोळलं.

भिंगं लाल झाली. रक्तासारखी नव्हे, अगदी कुंकवासारखी. माझे हात लाल, फडकं लाल, मोरीतून लाल पाणी अंगणात. भामाबाई ओरडत खाली आल्या आणि मी धडधाकट आहे हे बघून त्यांनी भिंगांना हात जोडले.

"सवाष्न गेली बाई. तिनंच कुकू धाडलं."

"वहिनी, हळदीला सोडा लागला की ती लाल होते. कुंकू करतातच असं."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "मग मी काय येगळं सांगतीया?"



सकाळी कचेरीत जायच्या आधी मी ती भिंगं स्वच्छ पाण्यानं धुतली आणि वाळायला माळवदावर नेली. दोन्ही बाजूंनी वारं लागावं म्हणून कठड्यावर विटांच्या बेचक्यात उभी केली. कठड्याच्या आत, खाली, भामाबाईंचं नवं लुगडं वाळत पडलं होतं. रेशनच्या दुकानापुढे सबंध दिवस उभं राहून मिळवलेलं. ते मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, आणि चांगला रंग आहे असंही मनात आलं. बुद्धी न चालवण्याची सवय, दुसरं काय?

संध्याकाळी परत आलो तर दारात अर्धी पेठ. मधे नानासो, हातात रिकामी बादली. माळवदावरून धूर दिसला म्हणून ते धावले होते. लुगड्यावर एक काळी रेघ जळत गेली होती, वाकडी, पण अखंड. सूर्य जसा सरकला तसा भिंगातून पडलेला निखारा सरकला. शिंपी कातरीनं कापेल तसं लुगडं पदरापासून निऱ्यांपर्यंत उभं चिरलं गेलं होतं.

"बसऱ्याला आमच्यावर तोफा लागल्या," नानासो म्हणाले, "पन सूर्य कुनी लावला नव्हता."

 भामाबाईंनी आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या लुगडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवं मिळायला पुढच्या वाटपापर्यंत थांबावं लागणार होतं, आणि पुढचं वाटप कधी ते दुकानदारालाही माहीत नव्हतं.

मी खाली आलो. पलंगाखाली चारुलताची ट्रंक होती. ती मी दोन वर्षांत उघडली नव्हती. केर काढताना झाडूनं तिच्याभोवतीनं जायचो. कुलपाला थोडं तेल सोडावं लागलं. डांबरगोळ्यांचा वास आला, आणि मग त्याच्या खालून दुसरा वास आला. मी जरा वेळ झाकण धरून बसलो. हिरवं इरकली लुगडं वरच होतं. ते घेऊन मी वर गेलो आणि भामाबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"न्हाई वो दादा. त्येंचं हाय. ऱ्हाऊ द्या तुमास्नी."

"मला नेसता येत नाही," मी म्हणालो.

भामाबाई हसल्या आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. नानासो तोंड फिरवून बादली कुठं ठेवायची ते बघू लागले.

चार दिवसांनी मी दाढी करत होतो. आडाशी हिरवं लुगडं पाठमोरं उभं होतं, घागर भरत. आणि मी, वस्तरा गालावर असताना, मोठ्यानं म्हणालो, "अगं, दूध बघितलंस का?"

भामाबाई वळल्या.   माझा गाल कापला होता, तो पुसायचं निमित्त करून मी आत वळलो. त्यानंतर ते लुगडं नेसून जिना उतरताना त्या आधी खोकायच्या.

माळवदावरच्या आगीत एक गोष्ट झाली होती, ती माझ्या उशिरा लक्षात आली. भिंगं स्वच्छ झाली होती. हळदीचा डाग उन्हात उडतो. मी ती यंत्रात बसवली, आणि पाटावर पडलेला उजेड चांदीसारखा पांढरा होता. पाकिटात मात्र आता दोनच कागद होते, आणि गावात कुणाकडेच आणखी नव्हते.

रविवारी आकाश निरभ्र होतं. आरशासमोर कोणी येऊ नये म्हणून नानासो स्वतः पहाऱ्याला उभे राहिले, डोक्याला फेटा बांधून. मी आतून ओरडलो, "ढग?"

"क्लियर!" बाहेरून आवाज आला.

मी फिल्म अशी बसवली होती की देऊळ बाहेर जाईल आणि फक्त चारुलता उरेल. कागद टाचला. भिंगावरची टोपी काढली आणि मनात आकडे मोजू लागलो. मधेच उजेड मंद झाला, हलला, पुन्हा मंद झाला. "ढग?" मी ओरडलो. "क्लियर!" मी टोपी घातली, कागद पाकिटात सरकवला आणि खिडकीचं दार किलकिलं करून पाहिलं. सुभेदार नानासो माझ्या आरशात बघून मिशीला पीळ देत होते.

तो कागद फिकट, गढूळ पाण्यासारखा आला.  नानासोंनी कागद पाहिला, फेटा काढला आणि आरशाकडे पाठ करून, हात मागे बांधून उभे राहिले. शेवटच्या कागदाच्या वेळी पेठेतलं एक कुत्रंसुद्धा त्यांनी अंगणात येऊ दिलं नाही.

लाल उजेडात मी तो शेवटचा कागद औषधात सोडला. काहीच होईना.  मग कागदाच्या मधोमध एक करडा डाग उमटला. तो गडद होत गेला. तिचे केस होते ते. आधी केस आले, आणि ते काळे होते. मग भुवया. मग कानातलं. मग तोंड. मी ताटली हलवायची विसरलो. काठाला एक पांढरा पट्टा राहिला, तो अजून आहे.

चेहरा तळहाताएवढा. जवळून पाहिलं तर नुसती रांगोळी विस्कटावी तसे कण; हातभर मागे सरकलं की चारुलता. तसबिरीत बायका बसतात तशी ती नव्हतीच. मान कललेली, बटा उडालेल्या, तोंड अर्धं उघडं, एक हात पुढे झालेला. ती काहीतरी बोलत होती.

नानासोंनी फोटो दोन्ही हातांनी धरला. "ह्येला हार घालायचा न्हाई, विद्वांस," ते म्हणाले. "ह्यात बाई जित्ती हाय."

"काय म्हनती असंल वो?" भामाबाई वाकून बघत म्हणाल्या. "भूक लागली म्हनत असंल. देवाला गेलं की भूक लय लागती."

"हुकूम सोडतीया," नानासो म्हणाले. "मी वळकतो."

गुढीपाडव्याला हरी आला. त्यानं फोटो खिडकीशी नेला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याची ती एकुलती बहीण.

"तुझी ताई काय म्हणत होती रे, आठवतं?" मी विचारलं.

"मला कसं आठवेल? मी घाटाच्या टोकाला होतो. तिथवर ऐकू येत नव्हतं." मग तो फोटो बारकाईनं न्याहाळत म्हणाला, "आणि भाऊजी, ती माझ्याशी बोलत नाहीये. कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये ती. इकडं डावीकडं बघतेय. तिकडं तुम्हीच होतात ना?"

मी होतो. डावीकडे पायऱ्यांखाली, सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलो होतो. चौकटीच्या बाहेर, दहा-बारा हातांवर. ती मला काहीतरी सांगत होती. मी आठवून पाहिलं. ऊन आठवलं. चपला आठवल्या, हरीच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तोही आठवला. ती काय म्हणाली ते आठवेना.

"चपला नीट बघा, असंच म्हणाली असेल," हरी म्हणाला. "दुसरं काय?"

"तसंच असेल," मी म्हणालो.

हरी दुसऱ्या दिवशी सांगलीला गेला. मी फोटो चौकट करून मधल्या खोलीत टांगला होता, समोरच्या भिंतीशी माझा पलंग. दोन दिवस मी तिथून बघत होतो, आणि प्रत्येक वेळी ती माझ्या खांद्यावरून पलीकडे कुणाशी तरी बोलत होती. तिसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर मी पलंग ओढायला लागलो. तो जुना शिसवी पलंग, हलेना. आवाज ऐकून नानासो खाली आले.

"कुटं नेताय?"

"त्या कोपऱ्यात. डावीकडं."

"आवं, तितं वारं न्हाई. उन्हाळ्यात शिजून निगाल. पलंग कसा खिडकीला लावायचा असतोय, बसऱ्याला आमी..."

बोलता बोलता त्यांनी भिंतीवर पाहिलं. मग कोपऱ्याकडे पाहिलं. पुन्हा भिंतीवर पाहिलं. बसऱ्याला काय करत होते ते त्यांनी सांगितलं नाही. धोतराचा काचा मारला आणि पलंगाची दुसरी बाजू उचलली.

त्या संध्याकाळी मी त्या कोपऱ्यात ताट घेऊन बसलो. वारं खरोखरच नव्हतं. भाकरी नेहमीसारखी चार कोपऱ्यांची झाली होती. मी पहिला घास मोडला आणि वर पाहिलं. आता ती बरोबर माझ्याकडे बघत होती, हात पुढे करून, मधेच थांबल्यासारखी.

"काय गं?" मी म्हणालो.

वरच्या मजल्यावर पावलं थांबली. "मला हाक मारली का वो, दादा?" भामाबाईंनी विचारलं.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "खालीच बोलतोय."

पावलं जरा वेळ तिथंच राहिली. मग हळूहळू, आवाज होणार नाही अशी, चुलीकडे गेली.